बारा उद्गारांची नोकरी

मला मदत केली ती इक्वेडोरच्या एका बाईने. क्रॉयडनमधल्या ज्या केअर होममध्ये मी म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं काम करते, तिथे ती फरशा पुसायची. हे मी सगळ्यात आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की दोष तिचा. तो नव्हता. दोष माझा होता, आणि तो माझ्या तोंडून बाहेर पडेपर्यंत माझ्याशेजारी उभी राहिली ती एकटी तीच.

तिचं नाव लिहीत नाही. तिच्या देशात बहिणीला न्यान्या म्हणतात. मी तिला तेच म्हणायची, तीही मला तेच म्हणायची.

मी गोव्याची, साखळीकडची. घरात कोकणी, शाळा मराठी, आणि ती आठवीपर्यंत. आठवीत असताना आई आजारी पडली, पाठची दोन भावंडं लहान, मग माझंच दप्तर खुंटीला लागलं. पुढे पुष्कळ वर्षं लोकांच्या घरची धुणीभांडी केली. वडील पोर्तुगीज राज्यात जन्मलेले. त्यांच्या जन्माची नोंद लिस्बनला करून घेतली की मुलांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो. आमच्याकडच्या कितीतरी घरांतली माणसं अशीच बाहेर पडली, तशी मीही पडले, ब्रेक्झिटच्या थोडं आधी. पोर्तुगाल मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पोर्तुगीजमधलं 'ओब्रिगाद', म्हणजे आभारी आहे, तेवढं येतं, तेही शेजारच्या ख्रिस्ती मावशीकडून ऐकलेलं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून नवरा आणि मुलगी मागे राहिली. मी इथे येऊन दुसऱ्यांच्या सासवांचं करते. यावर गावी लोक हसतात. हसू देत.

इथलं काम लागलं तेव्हा तीन महिने प्रोबेशन होतं. मला त्या तीन महिन्यांत झोप अशी लागलीच नाही. इंग्लिश कामापुरतं येतं, पण कुणी भराभर बोललं की माझे कान गरम होतात. आमच्याकडे प्रत्येक रेसिडेंटचं दिवसभराचं मोबाइलसारख्या हँडसेटवर लिहायचं असतं: काय खाल्लं, किती पाणी प्यायलं, मूड कसा होता. स्पेलिंग चुकेल म्हणून मी तयार चौकोनांवर बोट ठेवायची. 'कॉन्टेंट'. 'सेटल्ड'. 'चिअरफुल'. चेहरे काढलेले असतात, त्यामुळे सोपं जातं.

माझा दुसरा महिना चालू असताना आमच्या मजल्यावर एक स्पॅनिश आजी आली. उत्तर स्पेनमधल्या मासेमारीच्या गावची. विशीत इकडे आलेली, हॉस्पिटलच्या किचनमध्ये जन्म घालवलेली, नवरा इंग्लिश, तो वारलेला. विसरण्याच्या आजारात नंतर शिकलेलं आधी जातं म्हणतात. तिचं इंग्लिश गेलं होतं. साठ वर्षं ज्या भाषेत बाजार केला, भांडली, मुलगा वाढवला, ती भाषा धुतल्यासारखी गेली आणि खाली लहानपणची स्पॅनिश तेवढी राहिली.

सकाळी शिफ्ट बदलताना आम्ही सगळे ऑफिसात उभं राहून रात्रीचं ऐकतो. त्यात मॅनेजरने माझ्याकडे पेन रोखलं.

"तुझा पासपोर्ट पोर्तुगीज आहे ना? मग तुला तिचं कळेल. शेजारचेच देश."

सगळे माझ्याकडे बघत होते. कळत नाही म्हणायला एकच शब्द लागतो. मी म्हणाले, "अ लिटल."

"ब्रिलियंट," ती म्हणाली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. झालं. मी स्पॅनिश येणारी बाई झाले.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी न्यान्याला चादरींच्या खोलीत गाठलं. तोवर आमची ओळख म्हणजे एकमेकींना वाट देण्यापुरती. मी तिला आमच्या दोघींच्या कामचलाऊ इंग्लिशमध्ये सगळं सांगितलं. आधी ती इतकी हसली की कपाटाला टेकली.

"तू पोर्तुगीज? मग मी इंग्लंडची राणी!"

"हसू नको गो. माझी नोकरी जाईल."

ती हसायची थांबली. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. डोंगरातल्या गावची, गुडघे दुखणारी, एकटी. तिलाही तीन ठिकाणी काम करून पोट भरावं लागत होतं. तिने एक उशी मांडीवर घेतली आणि अभ्र्यात घालत घालत म्हणाली, "हे बघ. भाषा काही आठवड्यात येत नाही. पण आय, उय हे येतं. माझ्या आईचं अर्धं बोलणं नुसतं तेवढंच आहे. तू तेवढं शीक. बाकीचं मी येता-जाता ऐकून तुला सांगीन."

ही तडजोड तिची. 'बाकीचं मी सांगीन' हे तिने पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, हे मी मुद्दाम लिहिते.

असे मी बारा उद्गार शिकले. हातमोज्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर देवनागरीत लिहून काढले. दुखलं की 'आय'. हातून काही सांडलं की 'उय'. आश्चर्य वाटलं तर 'आन्दा'. कुणी ओळखीचं दिसलं तर 'ओम्ब्रे', मग समोर बाई असली तरी चालतं. हुरूप द्यायला 'बेंगा'. किळस आली तर 'के आस्को'. वाईट वाटलं तर 'के पेना'. फार झालं की 'माद्रे मिया', म्हणजे माझे आई. देवाचं नाव घेऊन काकुळतीला यायचं तर 'पोर दियोस'. कुणी काही सांगत असेल आणि आपल्याला खरं वाटत नसेल, किंवा फार खरं वाटत असेल, तर 'नो मे दीगास', आपल्या 'काय सांगतेस!'सारखं. असंच व्हावं गं, असं म्हणायचं तर 'ओखाला'. आणि काही सुचलं नाही की 'बाया', ते कुठेही बसतं.

न्यान्या स्वतःचेही सांगायची. तिच्या डोंगरात थंडीचा वेगळा उद्गार, चटक्याचा वेगळा. थंडी वाजली की 'अचाचाय', हात भाजला की 'अर्रार्राय', घाण दिसली की 'अताताय'. ते ऐकून मला इतकं आवडलं की एकदा आजीच्या पाठीला ओला टॉवेल लागला तेव्हा मीच 'अचाचाय' म्हणाले. आजीने मान वळवून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कोंबड्यासारखी आरवले. मग हसली. दात काढलेले होते, नुसत्या हिरड्यांनी हसली. न्यान्याला सांगितलं तर म्हणाली, "अगं, तो आमचा शब्द! ती समुद्रावरची, तिला काय माहीत. पुठ्ठ्यावरचंच बोल."

मी पुठ्ठ्यावरचंच बोलले. आणि मला ते फार चांगलं जमलं.

कसं जमलं ते सांगते. आमच्या घरी संध्याकाळी कुणी गोष्ट सांगायला बसलं की एकाने हुंकार द्यायचा असतो. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो, म्हणतो, झोपलीस काय गो? घरात हुंकार द्यायचं काम माझं. पुढे लोकांकडे भांडी घासताना तेच कामी आलं. मालकीण ओट्याला टेकून सुनेचं, दिराचं गाऱ्हाणं सांगायची. मी नळाच्या आवाजात अर्धं ऐकायची आणि 'हो काय', 'अगे बाई', 'कर्म' असं बरोबर जागी टाकायची. बाईला बरं वाटायचं. दिवाळीला साडी द्यायच्या तेव्हा म्हणायच्या, तुझ्यासारखी ऐकणारी मिळत नाही. माणसाचा आवाज कुठे चढतो, कुठे पडतो, ते कळलं की झालं. शब्द कळायलाच हवेत असं नाही. हे मी आयुष्यभर करत आले, म्हणून स्पॅनिशमध्ये करताना मला चोरीसुद्धा वाटली नाही.

आजी बोलायची, मी उद्गार टाकायची. ती तासभर खुलायची. दारातून जाणाऱ्याला वाटावं, दोन मैत्रिणी बोलतायत. तिचा मुलगा रविवारी यायचा, पन्नाशीचा असेल, लाजरा माणूस. बापाने घरात इंग्लिशच ठेवलं म्हणून त्याला आईची भाषा आली नव्हती. तो खिडकीपाशी कोट मांडीवर घेऊन बसायचा आणि आमच्याकडे बघायचा. एकदा म्हणाला, "मला लहानपणचं 'बेंगा, बेंगा' तेवढं आठवतं. शाळेला उशीर झाला की म्हणायची. तुम्ही तिच्याशी बोलता ते बघून फार बरं वाटतं." आणि बिस्किटांचा डबा दिला. तो मी घेतला.

प्रोबेशन संपलं. मॅनेजरने माझ्या कागदावर 'स्पॅनिश सपोर्ट' असं लिहिलं. न्यान्या येता-जाता खोलीत डोकवायची, आजीशी दोन वाक्यं बोलायची, बाहेर येऊन मला सांगायची: आज तिला सूप खारट लागलं, आज तिला बहीण आठवते आहे. मी ते हँडसेटवर लिहायची. खोटं असं त्यात काही नव्हतं. माणसं अशीच तर एकमेकांच्या आधाराने चालतात, अशी मी मनाची समजूत घालायची.

मग न्यान्या दहा दिवस सुट्टीवर गेली, माद्रिदला, भाचीच्या लग्नाला. जाताना मला म्हणाली, "काही वेगळं वाटलं तर फोन कर. व्हॉट्सअॅपवर आवाज पाठव."

ती गेल्यानंतर आठवड्याभराने, सोमवारी सकाळी आजी उठेना. एरवी चालायची फ्रेम धरून खुर्चीपर्यंत चार पावलं टाकायची. त्या दिवशी मी पांघरूण काढलं तर तिने माझं मनगट धरलं आणि बोलायला लागली. हळू, पण न थांबता. सुरुवातीला 'आय', मध्ये दोनदा 'माद्रे मिया', शेवटी 'पोर दियोस'. हे तीन मला कळले. यांच्यामध्ये जे होतं ते पाण्यासारखं वाहून गेलं.

मी चेहरा पाडला. "नो मे दीगास!" म्हणाले.

तिने मान हलवली, हो हो, अशी. पुढे बोलली.

"के पेना," मी म्हणाले. "माद्रे मिया."

तिने माझ्या हातावर थोपटलं. तिचा श्वास जरा खाली बसला. मला वाटलं, मन मोकळं झालं तिचं. मी हँडसेटवर 'सॅड'च्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि खाली लिहिलं: 'टॉक्ड इन स्पॅनिश. सेटल्ड आफ्टर.'

आमची सीनिअर, म्हणजे मजल्याची मुख्य केअरर, दारात आली. "डाव्या पायावर भार देत नाहीये. पायाचं काही म्हणाली का तुला?"

आता बघा, इथे जागा होती. 'मला कळलं नाही' म्हणायची देवाने इतकी सरळ जागा क्वचित दिली असेल. किंवा बाथरूममध्ये जाऊन न्यान्याला फोन लावायची. मी म्हणाले, "नाही, पायाचं काही नाही. नुसती उदास आहे. घरची आठवण."

घरची आठवण हे मी माझ्या मनातलं काढून दिलं.

सीनिअरने लघवीचा नमुना पाठवला. म्हाताऱ्या माणसाचं काही बिनसलं की आधी इन्फेक्शन बघतात. पॅरासिटामॉल रोजचं होतंच. मंगळवारीही आजीने मला तेच सांगितलं, तसंच मनगट धरून. मी पुन्हा 'नो मे दीगास' म्हणाले. बुधवारी तिने थोडंच सांगितलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली, कशाची तरी वाट बघितल्यासारखी. मी म्हणाले, "बेंगा, बेंगा," हुरूप यावा म्हणून, आणि तिला कुशीवर वळवलं. तिने ओठ मिटून घेतले. आवाज केला नाही. जन्मभर हॉस्पिटलात काम केलेली बाई, तिला बहुतेक आरडाओरडा करणाऱ्यांची लाज वाटत असेल. हे मी आता म्हणते. तेव्हा मी लिहिलं: 'कोऑपरेटिव्ह'.

न्यान्याला फोन का केला नाही, हे मला पुढे तीन जणांनी विचारलं. लग्नघरात कशाला त्रास, असं मी सांगितलं. ते अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं की चार महिन्यांत मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की मला कळतं.

गुरुवारी न्यान्या कामावर आली. अंगावर माद्रिदचं ऊन, हाताच्या नखांना लग्नाचा लाल रंग. मी आजीला भरवत होते, आजी घास घेत नव्हती. न्यान्या दाराशी ओला मॉप फिरवत होती. आजीने मला दोनच वाक्यं म्हटली, अगदी थकलेल्या आवाजात. मी 'के पेना' म्हणाले.

मॉप थांबला.

"ती काय म्हणाली?" न्यान्याने विचारलं.

"काय?"

"ती म्हणाली, तुला सांगितलं ना मी. किती वेळा सांगू. काय सांगितलं तिने तुला?"

मी चमचा वाटीत ठेवला.

"न्यान्या, काय सांगितलं तिने?" तिने मला पुन्हा विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

ती ओल्या फरशीवरून तशीच आत आली, पलंगाशी खाली बसली, त्या दुखऱ्या गुडघ्यांवर, आणि आजीशी बोलली. आजी तिच्याशी बोलताना माझ्याकडे बोट करत होती. राग नव्हता. ओळख करून दिल्यासारखं बोट. न्यान्या पलंगाची कड धरून उठली. तिने मला जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण ते मला पाठ झालंय.

"रविवारी रात्री बाथरूममध्ये पडली. बेसिन धरून स्वतः उठली, पलंगापर्यंत आली. म्हणते, पाय मोडलाय, मला कळतं. म्हणते, या मुलीला रोज सांगते. चांगली मुलगी आहे, तिला फार वाईट वाटतं, काय सांगतेस म्हणते, अरेरे म्हणते. पण कुणाला बोलावत नाही."

न्यान्याने नर्सला हाक मारली. नर्सने पांघरूण काढून दोन्ही पाय शेजारी-शेजारी बघितले, आणि फोनकडे गेली. डावा पाय किंचित तोकडा दिसत होता, बाहेरच्या बाजूला वळलेला. चार दिवस मी त्याच पायात मोजा चढवत होते. अॅम्ब्युलन्सला दीड तास लागला. त्या दीड तासात मी चादरींच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. न्यान्या आत आली.

"आता सांग जाऊन," ती म्हणाली.

"तूच सांग ना गो. तूच ऐकलंस. म्हण, आजच बोलली ती."

"मी ऐकलं ते मी सांगितलं. चार दिवस तू काय ऐकलंस, ते मी कसं सांगू?"

"माझी नोकरी जाईल."

"जाईल कदाचित."

"मुलगी बारावीला आहे. घरी नवऱ्याला काय सांगू?"

"हे बघ, न्यान्या," ती म्हणाली, आणि माझे दोन्ही खांदे धरले. तिच्या हातांना ब्लीचचा वास येत होता. "डॉक्टर विचारतील, कधी पडली. तू गप्प बसलीस तर ते म्हणतील, आज पडली. मग चार दिवस त्या बाईने जे सोसलं, ते झालंच नाही असं होईल. तिने सांगितलं होतं. तिने रोज सांगितलं होतं. हे कुणीतरी म्हणायला हवं की नको?"

ऑफिसपर्यंत ती माझ्याबरोबर चालत आली. मॅनेजर तिला म्हणाली, "हे तुझ्यासाठी नाही, प्लीज, बाहेर थांब."

न्यान्या म्हणाली, "तिला जे येतं ते मी शिकवलंय. मी थांबते."

आणि ती थांबली. तिला कुणी खुर्ची दिली नाही. मी सगळं सांगितलं: पासपोर्ट, 'अ लिटल', पुठ्ठा, बारा उद्गार. पुठ्ठा खिशातून काढून टेबलावर ठेवला. मॅनेजरने तो उचलून बघितला. देवनागरी तिला वाचता येत नव्हती, तिने उलटा धरला होता. मग म्हणाली, "मी तुला विचारलं होतं." खरंच होतं ते. कसं विचारलं होतं, त्याचं ती काही बोलली नाही, आणि मीही नाही. तिचं तिच्यापाशी.

आजीचं खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. त्यातून ती उठली, पण पडून राहून छातीत कफ धरला. बाराव्या दिवशी हॉस्पिटलातच वारली. डॉक्टर म्हणाले असं मी ऐकलं, की या वयात पहिल्या दिवशी आणली असती तरी सांगता आलं नसतं. हे वाक्य मला न्यान्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलं होतं, मला बरं वाटावं म्हणून. मी ते कधी कधी वाचते. त्याने बरं वाटत नाही.

मुलाला होमकडून कळवलं होतं. तो आजीचं सामान न्यायला आला तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये होते. वळून दुसऱ्या जिन्याने जाता आलं असतं. मी पुढे गेले. पाठ केलेलं इंग्लिश सगळं विसरले. एवढंच म्हणाले की तिने मला सांगितलं होतं, मला भाषा येत नव्हती, आणि मी येते म्हणाले होते.

त्याने विचारलं, "ती सांगायची तेव्हा तुम्ही काय म्हणायचात?"

मी सांगितलं.

त्याने ते शब्द स्वतःशी हळूच म्हणून बघितले. नो मे दीगास. त्याला अर्थ माहीत होता की नाही, मला कळलं नाही. मग कोटाचं बटण लावलं, आईची बॅग उचलली आणि म्हणाला, "राइट. वेल. थँक्यू फॉर लेटिंग मी नो." कळवल्याबद्दल आभार, या देशातली माणसं दाराशी हेच म्हणतात, पार्सल चुकीच्या घरी गेलं तरी. तो शिव्या देईल अशी माझी तयारी होती. शिव्या दिल्या असत्या तर मला उत्तरादाखल रडता आलं असतं.

कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या बाई चौकशीला आल्या, दोनदा. मला माझं म्हणणं लिहून द्यायला सांगितलं. आठवीतून सुटलेल्या बाईला इंग्लिशमध्ये स्वतःचा गुन्हा लिहायचा म्हणजे काय! मी मराठीत लिहिलं, त्यांनी दुभाष्या लावून भाषांतर करून घेतलं. दुभाषी बाई लेस्टरहून फोनवर होती. एकेक वाक्य वाचून ती मला विचारायची, "ताई, तुम्हाला असंच म्हणायचंय ना? की बदलू?" पूर्ण वाक्य समजून घेऊन मग पुढे जाणारी बाई. तिचंसुद्धा काम तेच, जे मी करते असं सांगत होते.

मला शेवटची लेखी ताकीद मिळाली, पुन्हा ट्रेनिंग मिळालं, आणि नोकरी राहिली. माणसं मिळत नाहीत, हेही एक कारण असेल. न्यान्याची आमच्याकडची गेली. ती आमच्या होमची नव्हतीच, सफाईच्या कंत्राटदाराची होती. केअरच्या कामात ढवळाढवळ केली, असं कळवलं गेलं, आणि कंत्राटदाराने तिला तिथून काढून ऑफिसांच्या इमारतींवर टाकलं. पहाटे चारची शिफ्ट, अकरा मजले. जिने फार. मी खोटं बोलले, मी राहिले. ती खरं सांगायला उभी राहिली, ती गेली. मी मॅनेजरकडे जाऊन हे बोलले. ती म्हणाली, तो आमचा निर्णय नाही. मी कंत्राटदाराला पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही.

आता शनिवारी लायब्ररीत स्पॅनिशचा वर्ग असतो, तिथे जाते. बाकीची तरुण मुलं, सुट्टीला बार्सेलोनाला जायचं म्हणून शिकणारी. दुसऱ्याच तासाला शिक्षिकेने उद्गार घेतले. म्हणाली, हे आले की तुम्ही लगेच तिथलेच वाटाल! सगळ्या वर्गाने एका सुरात 'नो मे दीगास' म्हटलं, हात उडवून, हसत. मला तोंड उघडता आलं नाही. तास संपल्यावर मी तिला विचारलं, "मला कळलं नाही, पुन्हा सांगा, असं कसं म्हणतात?" ती म्हणाली, ते पुढच्या धड्यात आहे. मी म्हणाले, मला आज हवंय. तिने लिहून दिलं.

गेल्या महिन्यात न्यान्या ट्राममध्ये भेटली. मी कामावर निघालेली, ती सुटून घरी चाललेली. शेजारी बसली, गुडघा चोळत. मी तिला माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, दुखतंय का, कुठे, कधीपासून. तिने उत्तर दिलं. एक शब्द मला कळला नाही. मी थांबवलं, पुन्हा सांगायला लावलं. तिने पुन्हा सांगितलं. मग ती खिडकीबाहेर बघत इंग्लिशमध्ये म्हणाली, "मला इथे मूल नाही, बाळ नाही. ती आजी गेल्यापासून एकच भीती वाटते. माझंही इंग्लिश आधी जाईल. मग मी कुणाला सांगणार?"

मी तिचा हात धरला. ट्रामभर लोक होते, मला तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. न्यान्या, तुझं देणं मी विसरले नाही. मी शिकत राहीन. तू सांगशील ते सगळं, आणि तुझ्या डोंगरातलंही. तू म्हातारी होशील, कुठल्यातरी खोलीत, कुठल्यातरी पलंगावर असशील, तेव्हा मी कुठेही असले तरी येईन. तुझ्याशेजारी बसेन, तू बोलशील ते शेवटपर्यंत ऐकेन, कळलं नाही तर विचारेन, आणि कळलं की उठून कुणाला तरी बोलावून आणेन. हे मी एक दिवस फेडणार आहे.